बोट मोठी, ट्रेलर लहान: बाबांना टाहोला नेऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

कॅलिफोर्नियात बे एरियाच्या पूर्वेला राहणाऱ्या एका वाचकाने गेल्या हिवाळ्यात १९ फुटांची वापरलेली मोटरबोट घेतली. विकणाऱ्याने बोटीबरोबर एक ट्रेलर दिला. तो दुसऱ्या राज्यातून आलेला आणि आधी १७ फुटी बोटीखाली असलेला. त्यामुळे बोटीचा मागचा भाग ट्रेलरच्या फळ्यांच्या बाहेर फूटभर लोंबतो. ट्रेलरला एकच आस आहे, ब्रेक नाहीत. या ट्रेलरवरून त्यांनी बोट तीन वेळा पंचवीस मैलांवरच्या डेल्टात, म्हणजे सॅक्रामेंटो नदीच्या मुखाकडच्या त्रिभुज प्रदेशात नेली आणि काही झालं नाही.

जुलैत त्यांचे आईवडील हर्णैहून येत आहेत. वडील ७६ वर्षांचे, लहानपण होडीत गेलेलं. पुढच्या वेळी इतका लांबचा प्रवास झेपेल असं वाटत नाही. ‘बाबा, तुम्हाला माझ्या बोटीतून लेक टाहो दाखवतो,’ असा शब्द मुलाने फोनवर दिला आहे. पण पत्नीने ट्रेलरवरची पाटी वाचली. त्यावर २,९९० पाउंड असं लिहिलं आहे. ‘हा आकडा नुसत्या बोटीचा की बोट आणि ट्रेलर दोन्हींचा?’ असं तिने विचारलं. नवऱ्याकडे उत्तर नव्हतं, तेव्हा ‘मी आणि मुलं त्या गाडीत बसणार नाही,’ असं ती म्हणाली.

वाचक लिहितात: ‘बोटीचं वजन माहितीपत्रकात २,५०० पाउंड आहे, म्हणजे ४९० पाउंड शिल्लक राहतात. माझी एसयूव्ही ५,००० पाउंड ओढते. मी ट्रेलरला जास्त भाराचे टायर लावीन, स्प्रिंगमध्ये एक पाटा वाढवीन आणि हळू चालवीन. एवढं केलं तर चालेल ना? आणि पत्नीला कसं समजावू?’

उत्तर

तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न तुमच्या पत्नीचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. तो आकडा दोन्हींचा आहे. पाटीवर २,९९० च्या आधी जीव्हीडब्ल्यूआर ही अक्षरं असतील, तर ट्रेलर, त्यावरची बोट आणि बोटीत भरलेलं सगळं मिळून ती मर्यादा आहे. काही बोट ट्रेलरच्या पाटीवर दुसराही आकडा असतो, फक्त वाहायच्या मालाचा. ट्रेलरचं स्वतःचं वजन त्यातून आधीच वजा केलेलं असतं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले असल्यामुळे त्यांची गल्लत फार लोक करतात.

आता तुमचा हिशेब पुन्हा मांडू. रिकाम्या ट्रेलरचं वजन ६०० पाउंड धरलं, तर बोटीसाठी उरतात २,३९०. माहितीपत्रकातलं बोटीचं वजनच २,५०० आहे. म्हणजे टाकीत पेट्रोलचा थेंब नसतानाही ही बोट या ट्रेलरला जड आहे. तुम्हाला शिल्लक वाटलेले ४९० पाउंड मुळातच नव्हते.

शिवाय माहितीपत्रकातलं वजन ‘कोरडं’ असतं. पेट्रोल साधारण ६ पाउंडांना एक गॅलन. ३० गॅलनची टाकी भरली की १८० पाउंड झाले. बॅटरीचे ५०. नांगर, दोर, लाइफ जॅकेट, मुलांची पाण्यावर ओढायची ट्यूब, बर्फाचा डबा, हत्यारांची पेटी यांचे सहज २५०. बोट झाली २,९८०, ट्रेलरसकट ३,५८०. पाटीपेक्षा ५९० पाउंड जास्त, म्हणजे सुमारे २७० किलो, मर्यादेच्या जवळजवळ एक पंचमांश. आणि जुन्या बोटीच्या तळाखालचा फोम वर्षानुवर्षं पाणी पीत आलेला असू शकतो, ते वजन कुठल्याच कागदावर नसतं. बाहेरून भक्कम दिसणाऱ्या तळफळीवर पाय ठेवला आणि ती दबली, तर मी हा आकडा आणखी वर धरीन.

म्हणून माझं पहिलं सांगणं: अंदाज सोडा आणि वजनकाट्यावर जा. हायवेवरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केलचे काटे असतात, रेती-खडीच्या यार्डातही असतात. थोडक्या डॉलरांत छापील पावती मिळते. पण हे वाचून लगेच सगळा संसार बोटीत भरून तिथे जाऊ नका. टाकी रिकामी ठेवा, सामान घरी ठेवा, सर्वांत जवळचा काटा निवडा, आणि बोटीत सहसा असणारं सामान घरातल्या काट्यावर वेगळं मोजून बेरजेत घाला. माझा ६०० हा आकडा अंदाजच आहे. पावती त्याच्यापेक्षा खरी.

‘तीन वेळा नेली, काही झालं नाही’ हे तुम्ही मनापासून लिहिलं आहे, आणि मी ते खोटं म्हणत नाही. पण ट्रेलर बिघडतो कसा ते पाहा. जास्त भाराखाली टायरची भिंत दर फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते, आणि ती उष्णता आतले थर एकमेकांपासून सोडवत जाते. सपाट पंचवीस मैलांत टायर पुरता तापायच्या आत तुम्ही बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर पोचलेले असता. टाहोचा रस्ता दीडशे मैलांच्या वर आहे. जुलैत सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात दुपारी १०० अंश फॅरनहाइट काही नवलाचं नाही. तिथून पुढे आय-८० ने ७,२३९ फुटांच्या डॉनर समिटपर्यंत चढ. हायवे ५० ने गेलात तर एको समिट त्याहून थोडा उंच, ७,३८२ फूट. डेल्टाच्या तीन फेऱ्यांनी या रस्त्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही. उलट त्या तीन फेऱ्यांत टायर आणि सांध्यांनी काय सोसलं ते तपासायला हवं. टायरच्या भिंतीवर फुगा किंवा बारीक भेगा आहेत का, चौकटीच्या जोडांवर रंग फुटून गंज दिसतो का, एक टायर आतल्या कडेनेच झिजलाय का. टायरवर डीओटीनंतरच्या अक्षरांच्या शेवटी चार अंक असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ट्रेलरचे टायर झिजायच्या आधी वयानेच मरतात. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी नवी दिसली तरी ते बदला.

आता तुमचे तीन उपाय.

जास्त भाराचे टायर. तुमच्या मापाच्या ट्रेलरवर बहुधा एसटी १७५/८० आर १३ असतील. त्यांत भार पेलण्याच्या सी श्रेणीचा टायर ५० पीएसआय हवा असताना १,३६० पाउंड पेलतो, दोन मिळून २,७२०. तुमच्या ३,५८० पैकी दहावा हिस्सा गाडीच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर गेला, तरी चाकांवर ३,२०० च्या वर राहतात. म्हणजे आत्ताचे टायर पाचशे पाउंडांनी कमी पडतात. आणि ते बी श्रेणीचे निघाले तर एकेकाची ताकद १,१०० च आहे. डी श्रेणीचे टायर लावले तर टायर जेमतेम पुरतील, मान्य. पण त्यांना हवा जास्त लागते, ती तुमच्या रिमला चालते का हे रिमवर वाचावं लागेल. आणि टायरच्या वर रिम, रिमच्या वर हब आणि बेअरिंग, मग आस, स्प्रिंग, चौकट, आणि पुढे ज्या कप्लरने ट्रेलर हिचच्या गोळ्यावर बसतो तो. यातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या भागावरून पाटीवरचा आकडा ठरतो. टायर बदलून पाटी बदलत नाही. पाटा वाढवूनही नाही. पाटा वाढवला की ट्रेलर कमी दबतो, म्हणून डोळ्यांना बरा दिसतो, आणि स्प्रिंग जो धक्का गिळत होती तो आता आसेला आणि चौकटीच्या जोडांना बसतो. या उपायाची मला टायरपेक्षा जास्त भीती वाटते, कारण तो केल्यावर माणूस निर्धास्त होतो.

हळू चालवणं मात्र खरंच उपयोगाचं आहे. कॅलिफोर्नियात मागे काही ओढणाऱ्या गाडीला कायद्यानेच ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. कमी वेगात टायर कमी तापतात आणि ट्रेलर डोलायला लागत नाही. पण खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा वजन तेवढंच असतं, आणि उतारावर वेग तुमच्या हातात राहीलच असं नाही.

सामान आणि पेट्रोल काढून नेलं तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मनात येईल. ४३० पाउंड कमी झाले तर एकूण ३,१५०. पाटीच्या वर १६० उरतातच, आणि चाकांवर २,८३५, म्हणजे सी श्रेणीच्या टायरांना तरीही जास्त.

मला वजनाइतकीच काळजी त्या बाहेर लोंबणाऱ्या फूटभर बोटीची वाटते. तुमच्या बोटीत इंजिन अगदी मागे आहे, म्हणजे सगळ्यात जड वस्तू नेमकी त्याच टोकाला. आमच्याकडे सांगली भागात उसाची गाडी भरताना जुनी माणसं दोन शब्द वापरायची: धुरजड आणि उलाळ. पुढे भार जास्त झाला की गाडी धुरजड, बैलांच्या मानेवर ओझं येतं. मागे जास्त झाला की उलाळ, जू वर उचलायला लागतं आणि चढावर गाडी मागे कलंडते. बोटीचा ट्रेलर उलाळ झाला तर तो कलंडत नाही, तो डोलतो. हिचवरचा दाब कमी झाला की मागचं वजन लोलकासारखं गाडीची शेपटी डावी-उजवीकडे ओढायला लागतं, आणि वेग वाढेल तसा प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. शेजारून मोठा ट्रक गेला की त्याच्या हवेच्या धक्क्याने हे सुरू होऊ शकतं. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हिचवर हवा. तो मोजायचा सोपा मार्ग आहे. काट्यावर आधी एकटी गाडी मोजा, मग ट्रेलर जोडून, पण ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर ठेवून. दोन्हींतला फरक म्हणजे हिचवरचा भार.

बोट पुढे सरकवून हा दोष जातो का? काही ट्रेलरवर विंचचा, म्हणजे बोट ओढून घ्यायच्या चरकाचा खांब यू-बोल्ट ढिले करून पुढे घेता येतो. पण लहान ट्रेलरचा दांडाही आखूड असतो. बोटीचं नाक तुमच्या गाडीच्या मागच्या दाराला टेकेल, आणि वळताना काच फुटेल. आणखी एक नुकसान हळूहळू होतं. बोटीचा मागचा आडवा तख्ता फळ्यांच्या टोकावर नीट टेकलेला नसेल, तर इंजिनच्या वजनाने फायबरचा तळ तिथे महिन्यांमागून महिने वाकत जातो. मग बोट पाण्यावर नाक खाली घालून चालते आणि ते दुरुस्त करणं फार महाग पडतं. तुमची बोट या क्षणी घराच्या ड्राइव्हवेत उभ्या उभ्या हे सोसते आहे.

ब्रेकचं सांगतो. पाटीवर ३,००० नसून २,९९० का, याचा विचार केलात? अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पाउंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे होतात, म्हणून कितीतरी लहान ट्रेलरांची मर्यादा मुद्दाम दहा पाउंड खाली ठेवलेली असते. कॅलिफोर्नियात ही सीमा एकूण वजनाच्या १,५०० पाउंडांपासून सुरू होते. म्हणजे तुमचा ट्रेलर मर्यादेत भरला असता तरी इथे त्याला ब्रेक हवेच होते. बोटीच्या ट्रेलरला बहुधा सर्ज ब्रेक असतात. गाडी थांबायला लागली की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्यानेच जोडणीतला पिस्टन दबतो आणि ट्रेलरची चाकं थांबतात. ते नसतील तर डॉनर समिटवरून परतताना ऑबर्नपर्यंतच्या पन्नासहून अधिक मैलांच्या उतरणीवर साडेतीन हजार पाउंडांचा रेटा तुमच्या गाडीच्या ब्रेकवर, आणि मागच्या सीटवर आई, बाबा, मुलं.

त्या सीटांचाही हिशेब आहे. ५,००० पाउंड ओढण्याची क्षमता ही गाडीची एक मर्यादा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर दुसरी लिहिलेली असते: माणसं आणि सामान मिळून इतकंच. हिचवरचा भार या दुसऱ्या मर्यादेत मोजला जातो. सहा माणसांचे ८५० पाउंड धरा, हिचवरचे ३६०, मिळून १,२१० झाले, अजून एकही बॅग चढलेली नाही. तुमच्या स्टिकरवर काय आकडा आहे ते आज खाली जाऊन वाचा.

तेव्हा या ट्रेलरवरून ही बोट टाहोला नेऊ नका. डेल्टातही नेऊ नका. पत्नीला समजवायचा प्रश्न मग उरत नाही. तिला फक्त सांगायचं की तुझा प्रश्न बरोबर होता, आकडा दोन्हींचा आहे. तिने तुमच्या बोटीला विरोध केला नव्हता. पाटी वाचून तिने एक प्रश्न विचारला, आणि उत्तर मिळेपर्यंत मुलांना बसवलं नाही. पत्रात तुम्ही या गोष्टीला अडचण म्हणून मांडलं आहे. मला तसं दिसत नाही.

आता बाबांचं. पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की तुम्ही दिलेल्या शब्दात दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्यात: बाबांबरोबर बोटीत बसणं, आणि टाहो. दोन्ही सोडवून पाहा.

टाहोची पाणीपातळी सव्वासहा हजार फुटांवर आहे. साधं इंजिन हजार फुटांमागे साधारण तीन टक्के जोर गमावतं, म्हणजे तिथे जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. सहा माणसं घेऊन तुमची बोट तिथे रडतखडत चालेल. बोटीवरही एक पाटी असते. २० फुटांखालच्या मोटरबोटींना किती माणसं आणि किती वजन याची पाटी बंधनकारक आहे, ती वाचा. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये डेल्टातल्या स्टॉकटन बंदरात गोल्डन मसल हा परका शिंपला सापडला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच. तुमची बोट त्याच डेल्टातून आलेली. टाहोवर मोटरबोट उतरवण्याआधी तपासणी होते. तिथे शेवटी कुठल्या पाण्यात होतात हे विचारतात आणि बाहेरच्या पाण्यातून आलेली बोट गरम पाण्याने धुऊन घ्यावी लागते. हे सगळं केलंच पाहिजे, ते तळं त्यामुळेच वाचलं आहे. पण शहात्तर वर्षांच्या माणसाला उन्हात रांगेत बसवून पहिला दिवस घालवायचा का, हे ठरवा. टाहो दाखवायचाच असेल तर एसयूव्ही मोकळी न्या आणि तिथेच अर्ध्या दिवसासाठी बोट भाड्याने घ्या. सुकाणू तुमच्या हातात असेल, बाबा शेजारी बसतील, एमराल्ड बे दिसेल.

आणि तुमच्या स्वतःच्या बोटीसाठी मला टाहोपेक्षा डेल्टाच जास्त योग्य वाटतो. हर्णैच्या माणसाला डेल्टा म्हणजे खाडी. तिथे भरती-ओहोटी आहे. दोन्ही काठांना लव्हाळे, मध्ये संथ पाणी, कुठे उथळ कुठे खोल ते पाण्याच्या रंगावरून ओळखायचं. कंबरेपर्यंत उतरलं तरी हुडहुडी भरत नाही. टाहोचं पाणी जुलैतही थंड असतं. बाबा तुम्हाला टाहोवर काय शिकवतील माहीत नाही, पण ओहोटीला बोट गाळात कशी अडकू द्यायची नाही हे डेल्टात नक्की सांगतील.

तिथवर बोट न्यायची कशी? बोटी हलवणारे व्यावसायिक असतात. त्यांच्याकडे हायड्रॉलिक हातांचा ट्रेलर असतो, तो ड्राइव्हवेतून बोट थेट उचलतो. आईबाबा असतील तेवढे दिवस मरीनात, म्हणजे बोटी ठेवायच्या धक्क्यावर जागा घ्या आणि बोट तिथे ठेवा. पाण्यात बांधून ठेवलीत तर त्या शिंपल्यामुळे बाहेर काढल्यावर तळ, इंजिनमधले पाण्याचे मार्ग धुऊन वाळवणं आलंच. मरीनात कोरड्या मांडणीवर जागा मिळाली तर ती घ्या. याचा खर्च होईल. तो टायर आणि पाट्यावर करणार होतात त्याहून जास्त असेल, हे मी लपवत नाही.

कायमचा उपाय म्हणजे योग्य ट्रेलर. निव्वळ वाहायची क्षमता ३,५०० पाउंडांची तरी हवी, म्हणजे भरलेल्या बोटीवर थोडी मोकळीक राहते. जमलं तर दोन आसांचा घ्या. एक टायर फुटला तरी त्या बाजूचं दुसरं चाक भार धरून ठेवतं. चारी चाकांना ब्रेक असतील तर उत्तमच. विकणाऱ्याला बोटीची लांबी नुसती १९ फूट सांगू नका. नाकापासून मागच्या तख्त्यापर्यंतचं माप, रुंदी आणि काट्याची पावती द्या. ट्रेलर आला की तख्ता फळ्यांच्या टोकाला बरोबर बसतो का हे स्वतः वाकून पाहा. जुना ट्रेलर विकताना पाटीवरचा आकडा घेणाऱ्याला नीट समजावून द्या. तुमच्याकडे तो आला तेव्हा कोणी हे केलं नव्हतं.

ज्यांचा ट्रेलर मापात आहे त्यांनीही काही सवयी लावून घ्याव्यात. माझ्या पहिल्या ट्रेलरचं वजन चोख होतं. तरी एका उन्हाळ्यात व्हॅकव्हिलजवळ मागच्या गाडीवाल्याने हात हलवून थांबवलं, तेव्हा उजव्या हबमधून धूर येत होता. दोष माझाच होता. आधीच्या महिन्यात मी लांबून येऊन, हब तापलेले असतानाच ट्रेलर रॅम्पवरून पाण्यात घातला होता. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधासारखं पांढुरकं होतं आणि बेअरिंग कोरडं पडतं. त्या दिवशी चाक निखळलं नाही, पण माझी मुलगी मागे बसलेली होती आणि मी कितीतरी वेळ स्टिअरिंगवरचे हात सोडले नव्हते. तेव्हापासून रॅम्पवर पोचलो की आधी वीस मिनिटं थांबतो, वर्षातून एकदा बेअरिंग उघडून ग्रीस बदलतो, आणि निघाल्यावर पहिल्या दहा मैलांवर उतरून दोन्ही हबांजवळ हात नेतो. कोमट असतील तर ठीक. एक दुसऱ्यापेक्षा खूप गरम असेल तर पुढे जायचं नाही.

कप्लर आणि हिचचा गोळा, दोन्हींवर माप कोरलेलं असतं, ते एकच हवं. दोन इंची कप्लर पावणेदोन इंचाच्या वरच्या, म्हणजे एक पूर्णांक सात अष्टमांश इंची गोळ्यावरही बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडून येतो. सुरक्षा साखळ्या दांड्याखाली एकमेकींना ओलांडून लावा, म्हणजे कप्लर सुटला तर तो रस्त्यावर न पडता त्या झोळीत अडकतो. विंचचा पट्टा हा बोट धरून ठेवायचा पट्टा नव्हे. नाकाला वेगळी साखळी आणि मागे दोन्ही बाजूंना तख्त्यापासून ट्रेलरपर्यंत पट्टे हवेत. सुटं चाक, त्या नटांना बसणारा पाना आणि ट्रेलरखाली जाईल असा जॅक गाडीत ठेवा. गाडीचा पाना बहुतेकदा ट्रेलरच्या नटांना बसत नाही, आणि हे कळायची जागा हायवेची कड नसावी. ट्रेलर डोलायला लागलाच तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने त्याच्या मागे धावू नका. चाक सरळ घट्ट धरा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. वेग उतरला की तो आपोआप शांत होतो. मग बाजूला थांबून भार कुठे आहे ते पाहा.

जुलैला अजून वेळ आहे. या शनिवारी ट्रेलरच्या पाटीचा, दारावरच्या स्टिकरचा, कप्लरचा आणि टायरच्या भिंतीचा असे चार फोटो काढा. जवळ काटा असेल तर रिकाम्या टाकीनिशी पावती घ्या, नसेल तर बोट हलवणाऱ्यालाच पहिल्या फेरीत मोजायला सांगा. ते सगळं मला पाठवा, कुठला ट्रेलर घ्यायचा ते आपण मिळून ठरवू. आणि बाबांना आजच फोन करा. टाहोचं काय करायचं ते नंतर. आधी त्यांना विचारा, खाडीत जाताना भरतीची वेळ ते कशी धरायचे.